हवेवरचं अतिक्रमण



गेल्या महिन्याच्या बैठकीत जमिनीचे विषय आटोपल्यावर पाड्यांवरच्या चार-पाच पोरांनी एक नवा विषय काढला. बिहारमध्ये एका पोरानं पन्नास रुपयांच्या सामानात रेडिओ स्टेशन चालवलं, मग आपण का नाही? आयटीआय शिकलेला एक मित्र त्यांनी बरोबरच आणला होता. तो म्हणाला, सामान आणून द्या, आठ दिवसांत उभं करून देतो. झालं, बैठकीत दोन तट पडले. जुने कार्यकर्ते म्हणाले, फॉरेस्टच्या केसेस काय कमी आहेत, त्यात ही आणखी कुठली? पोरं म्हणाली, तुम्ही प्लॉट काढले ते काय लायसन घेऊन काढले होते?

दोन्ही बाजूंचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही. म्हणून त्या दिवशी निर्णय न घेता विषय या अंकावर टाकला. हे संपादकीय पाड्यापाड्यांत वाचून दाखवा, त्यावर बोला, आणि पुढच्या बैठकीला आपल्या पाड्याचं मत घेऊन या. आमचं मत आम्ही शेवटी मांडलं आहे. ते पटलं नाही तर तसं सांगा.

आधी गरज काय ती बघू. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सगळ्यांना आठवते. प्लॉटांच्या पडताळणीची तारीख ऐनवेळी बदलली. बदललेल्या तारखेचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला. तीन पाड्यांतली कामाची माणसं वीटभट्टीवर गेलेली. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, आणि ग्रामपंचायत दोन तासांच्या वाटेवर. साहेब आले त्या दिवशी प्लॉटांवर कुणी उभंच नव्हतं. कागदावर ‘दावेदार गैरहजर’ एवढं लिहून गाडी माघारी गेली. ते दावे अजून लोंबकळतायत. आदल्या संध्याकाळी त्या म्हाताऱ्यांच्या कानांवर त्यांच्या बोलीत दोन वाक्यं पडली असती, तर हद्द दाखवायला ती काठी टेकत का होईना, उभी राहिली असती.

आता तर त्याहून मोठं काम पुढं आहे. २००६ च्या डिसेंबरमध्ये संसदेनं वनहक्क मान्यतेचा कायदा केला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्या कायद्यातच लिहिलं आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा धरला जातो, आणि दावे घेण्याचं काम ग्रामसभेपासून सुरू होतं.  कुठला पुरावा चालतो, ग्रामसभा कधी, किती माणसं हजर लागतात, अर्ज कुणी फाडला, कुणी पैसे मागितले, हे सगळं दर आठवड्याला दर पाड्याला कळलं पाहिजे. जो कायदा लोकांना कळत नाही तो दलालाच्या खिशात जातो. हे आपण एकसाली प्लॉटांच्या वेळेपासून बघत आलो आहोत.

या कामाला आपल्याजवळ काय आहे? ही पत्रिका आहे. स्टेन्सिल कापायची, मशीनचा दांडा फिरवायचा, शाईचे हात पुसत प्रती मोजायच्या आणि एसटीनं नाक्यावर पोचवायच्या. नाक्यावरून पुढं पायी. आणि पोचली तरी ती वाचणारा पाड्यात एखादाच.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ही पत्रिका काढायला आम्ही कुणाचं लायसन घेतलेलं नाही. खाली ‘खाजगी वितरणासाठी’ एवढं छापलं की झालं. सरकारवर टीका केली तरी स्टेन्सिल कापायच्या आधी कुणाची परवानगी लागत नाही, कारण राज्यघटनेच्या १९ व्या कलमानं बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. पण हेच संपादकीय, याच शब्दांत, एखाद्या बाईनं लहानशा यंत्रातून चार पाड्यांना ऐकवलं, तर तो गुन्हा होतो. म्हणजे ज्याला वाचता येतं त्याला स्वातंत्र्य, आणि ज्याला नुसतं ऐकता येतं त्याला लायसन. घटनेत असं कुठं लिहिलेलं नाही. पण चालतं ते असंच.

पोरं ज्याचं नाव घेतात त्या राघवची गोष्ट खरी आहे. बिहारच्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर नावाचं गाव. राघव महतो हा तिथला रेडिओ दुरुस्त करणारा गरीब घरचा तरुण. त्यानं घरगुती सामानातून पन्नासेक रुपयांचा ट्रान्समीटर जुळवला, बांबूला अँटेना बांधून ती शेजारच्या दवाखान्याच्या गच्चीवर उभी केली, आणि ‘राघव एफएम मन्सूरपूर-१’ सुरू केलं. गाणी लावायची, गावच्या बातम्या सांगायच्या, हरवलेल्या पोराची खबर द्यायची, पोलिओ आणि एड्सची माहिती सांगायची. आसपासच्या गावांत लोक दिवसभर तेच ऐकत. यासाठी लायसन लागतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. २००६ च्या सुरुवातीला त्याची गोष्ट जगभर छापून आली, आणि लगेच मार्चमध्ये सरकारी माणसं येऊन स्टेशन बंद करून गेली. पेपरात नाव आलं तेच त्याला भोवलं.

राघव एकटा नाही. आंध्रात कर्नूल जिल्ह्यात ओरवकल इथं बचत गटांच्या बायांनी २००२ मध्ये ‘मना रेडिओ’ सुरू केला. मना म्हणजे आपला. यंत्र इतकं लहान की आवाज गावाबाहेरही धड जात नसे. बाया आपापसांत ठरवून बोलत, गाणी म्हणत, भाव सांगत. हे बचत गट सरकारच्याच गरिबी हटवण्याच्या योजनेतले. तरी पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या वायरलेस खात्याची माणसं आली आणि सामान घेऊन गेली. एक सरकार बायांना म्हणतं बोला, दुसरं सरकार म्हणतं गप्प बसा. आपल्याकडं महसूलवाला सातबाऱ्याचं बोलतो आणि फॉरेस्टवाला त्याच जमिनीवर खड्डे खणतो, त्यातलाच हा प्रकार.

तेव्हाच्या आंध्रातच मेडक जिल्ह्यात पस्तापूरच्या भागात दलित बायांचे संघम आहेत. हातांतून गेलेली पडीक जमीन त्यांनी पुन्हा पिकवली, जुनं बियाणं राखलं. युनेस्कोच्या मदतीनं त्यांनी रेडिओसाठी इमारत बांधली, यंत्रं आणली, बाया रेकॉर्डिंग शिकल्या. सगळं तयार, फक्त लायसन नव्हतं. लायसन मागत त्यांची वर्षांमागून वर्षं गेली. पण बाया हात जोडून बसल्या नाहीत. कार्यक्रम कॅसेटवर भरायचे आणि गावोगावच्या संघमच्या बैठकीत टेपवर लावून ऐकवायचे, असं त्यांनी तेव्हा चालू ठेवलं. कर्नाटकात कोलार जिल्ह्यात बुदिकोटेच्या लोकांनी आणखी एक वाट काढली. हवेतून आवाज सोडायला बंदी आहे ना, मग टीव्हीच्या केबलमधून सोडू. ‘नम्म ध्वनी’ म्हणजे आमचा आवाज, तो तिथं घराघरात तारेतून जायचा.

आता कायदा बघू. तेव्हा दोन कायदे होते. एक १८८५ चा तार कायदा आणि दुसरा १९३३ चा वायरलेस कायदा. पहिल्यानं सांगितलं की तार आणि पुढं बिनतारी संदेश यांचा मक्ता फक्त सरकारचा. दुसऱ्यानं सांगितलं की लायसनशिवाय यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा. ट्रान्समीटर सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा होती. जुन्या माणसांना आठवत असेल, एके काळी रेडिओ ऐकायलासुद्धा लायसन लागायचं, दरवर्षी पोस्टात पैसे भरून पुस्तकावर शिक्का घ्यावा लागायचा. इंग्रज गेले, ऐकण्याचं लायसनही पुढं गेलं, पण बोलण्याचं राहिलं.

१८८५ हा आकडा बघून आपल्याला दुसरा आकडा आठवला पाहिजे. इंग्रजांनी जंगलं राखीव करण्याचा मोठा कायदा १८७८ मध्ये केला. सात वर्षांच्या अंतरानं जंगलही सरकारचं झालं आणि तारही सरकारची झाली. जंगलात आपण आधीपासून होतो, म्हणून आपलं नाव पडलं अतिक्रमणदार. हवेत आवाज सोडणाऱ्याचं नाव पडलं बेकायदा. नावं ठेवणारा तोच, कारण तेच. जे सगळ्यांचं आहे त्याचा राखणदार म्हणून आलेला माणूस मालक होऊन बसला.

हे आमचंच म्हणणं आहे असं नाही. देशातल्या सर्वोच्च न्यायालयानंही हे सांगितलं आहे. ९ फेब्रुवारी १९९५ चा निकाल आहे. तीन न्यायमूर्तींमध्ये आपले मराठी पी. बी. सावंत होते. भांडण होतं क्रिकेटचं, मॅच टीव्हीवर कुणी दाखवायची याचं. पण निकालात कोर्टानं मोठी गोष्ट सांगून टाकली. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारचा मक्ता असू शकत नाही, तिचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे, आणि बोलण्याच्या स्वातंत्र्यात लोकांना निरनिराळी मतं ऐकायला मिळण्याचा हक्कही येतो.

निकालानंतर काय झालं? जनतेची मालमत्ता म्हणून जनतेला मिळाली का? आधी मिळाली ती पैसेवाल्यांना. शहरातल्या एफएम वाहिन्यांचे लिलाव झाले. दुसऱ्या फेरीत ९१ शहरांसाठी ३३८ वाहिन्या काढल्या. जंगलाचंही असंच झालं ना? आपल्याला लाकूड तोडलं म्हणून दंड, आणि कागद कारखान्याला बांबू सवलतीत. २००२ च्या डिसेंबरमध्ये शिक्षणसंस्थांना त्यांच्या आवारातल्या रेडिओची परवानगी मिळाली. विद्यापीठात शिकणाऱ्याला बोलायला परवानगी, आणि त्याच्या आवाराची झाडलोट करणाऱ्या बाईला नाही.

शेवटी १६ नोव्हेंबर २००६ ला केंद्र सरकारनं नवीन धोरण काढलं आणि समाजात काम करणाऱ्या संस्थांनाही दार उघडलं. हे त्या मेडकच्या बायांचं आणि त्यांच्यासारख्या अनेकांचं यश आहे, ते कमी लेखायचं कारण नाही. १०० वॅटपर्यंतचं यंत्र, ३० मीटरपर्यंत मनोरा, निम्मे तरी कार्यक्रम तिथल्याच लोकांनी केलेले. एवढं आपल्या खोऱ्याला भरपूर आहे. पण दार उघडताना उंबरा किती उंच ठेवला तेही बघा.

एक, अर्ज फक्त नोंदणीकृत संस्थेनं करायचा, आणि नोंदणीला किमान तीन वर्षं झालेली पाहिजेत. एकट्या माणसाला अर्ज करता येत नाही, म्हणजे राघव बाहेरच. आपल्यासारखी संघटना, जी लोकांच्या मुठीएवढ्या वर्गणीवर चालते आणि जिच्याकडं नोंदणीचा कागद नाही, तीही बाहेर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पात्र असलेल्यांच्या यादीत ग्रामसभेचं नाव नाही. १९९६ च्या पेसा कायद्यानं आपल्या भागातल्या ग्रामसभेला साधनसंपत्ती राखण्याचा अधिकार दिला, वनहक्क कायदा तिला जंगलाच्या दाव्यांचं काम देतो. तीच ग्रामसभा स्वतःच्या खोऱ्यातल्या हवेत मात्र कुणीच नाही.

दोन, कागद. २००६ च्या धोरणात आधी माहिती खातं, मग गृह, संरक्षण अशा खात्यांची ना-हरकत, मग लहरीचा आकडा ठरवून घ्यायला दळणवळण खात्याची वायरलेस शाखा. अर्जाची फी २,५०० रुपये होती, वर २५,००० ची बँक गॅरंटी. जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला किती खेपा होतात ते आपल्याला माहीत आहे. इथं खेपा दिल्लीच्या होत्या.

तीन, आणि हे सगळ्यात वाईट. २००६ च्या त्या धोरणात बातम्या आणि चालू घडामोडींना बंदी. गाणं म्हणा, शेतीचा सल्ला द्या, लसीकरणाचं सांगा. पण रेशनचं धान्य कुठं उतरलं, गार्डनं कुणाची बैलं कोंडवाड्यात घातली, मोर्चा किती वाजता निघणार, हे सांगितलं तर ती बातमी. आणि काय बोललात त्याचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवायचं, विचारलं तर ऐकवायला. आपल्याला रेडिओ हवा तो याच दोन-चार वाक्यांसाठी. तीच सोडून बाकी सगळं चालेल, असं हे धोरण सांगतं.

कुणी म्हणेल, लहान रेडिओवर बातम्या दिल्या तर देशाला धोका होईल. आपल्या शेजारी नेपाळ बघा. तिथं १९९७ मध्ये रेडिओ सगरमाथा सुरू झाला, मग डोंगरातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत लोकांची स्टेशनं निघाली आणि ती बातम्या देऊ लागली. देश काही बुडाला नाही. १ फेब्रुवारी २००५ ला राजानं सगळी सत्ता हातात घेतली, तेव्हा पहिला घाव घातला तो या रेडिओंवर. स्टेशनांत सैनिक बसले आणि बातम्यांना बंदी आली. तेव्हा काही ठिकाणी बातम्या गाण्यात घालून म्हटल्या गेल्या, पत्रकारांनी चौकात उभं राहून बातम्या वाचल्या. नोव्हेंबरमध्ये सगरमाथावर धाड पडली, यंत्र नेलं. ते कोर्टाच्या हुकमानं परत मिळालं. २००६ च्या एप्रिलमध्ये लोक रस्त्यावर आले आणि राजाला सत्ता सोडावी लागली. बातम्यांची भीती कुणाला वाटते, ते यावरून ओळखा. राजाचं सोडा, आपल्याकडं लोकशाही आहे आणि बंदी मात्र राजाचीच.

दूर अमेरिका खंडात ग्वाटेमाला नावाचा देश आहे. तिथं माया आदिवासी जवळजवळ अर्धे आहेत. छत्तीस वर्षांचं यादवी युद्ध संपून १९९६ मध्ये शांततेचा करार झाला. आदिवासींना त्यांच्या भाषांत रेडिओ चालवायला वाट करून देऊ, असं करारांत कबूल केलं. त्याच वर्षी कायदा मात्र असा केला की लहरींचा लिलाव होईल, जो जास्त पैसे देईल त्याला मिळेल. माया शेतकऱ्यांनी लिलावात काय बोली लावायची? ते आपल्या भाषेत लहान लहान स्टेशनं चालवत, आणि पोलीस धाडी टाकून यंत्रं नेत. कबूल करायचं एका कागदावर आणि काढून घ्यायचं दुसऱ्या कागदावर. हा खेळ आपल्या ओळखीचा आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांतही डोळ्यांत तेल घालून बघायचं ते हेच.

आता सरकारची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण तिच्यात थोडं तथ्य आहे. हवेतल्या लहरींना बांध लागतो. एकाच आकड्यावर दोघं बोलले तर दोघांचंही ऐकू येत नाही. एफएमच्या पट्ट्याला लागूनच विमानांच्या वापरातला पट्टा आहे. घरी जुळवलेलं यंत्र नीट बनलं नसेल तर आवाज ठरलेल्या जागी न राहता आजूबाजूला सांडतो. म्हणजे यंत्र तपासावं, आकडा नेमून द्यावा, हे आम्हाला मान्य आहे. गावातसुद्धा पाण्याची पाळी ठरते, चराईची जागा ठरते, आणि पाळी मोडणाऱ्याला गाव बोलतं. पण पाळी ठरवणारा पाटकरी तुम्हाला असं विचारत नाही, की या पाण्यावर भात लावणार की नागली, आणि विहिरीवर बायका काय बोलणार. लहर कुठली वापरायची हे ठरवण्याचं काम सरकारचं असेल. तिच्यातून काय बोलायचं हे ठरवण्याचं नाही. या दोन गोष्टी एकाच लायसनमध्ये गुंडाळल्या आहेत, तिथं आमचा विरोध आहे.

मग आपण काय करायचं? पोरांचा प्रश्न होता, प्लॉट काय लायसन घेऊन काढले? नाही काढले. पण ते कसे काढले हे आठवा. रात्री लपून कुणी जमीन कसली नाही. पाडाच्या पाडा दिवसाउजेडी उतरला, नांगर धरला, केसेस घेतल्या, दंड भरला आणि पावती मागून घेतली. त्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपल्या. ज्या पावतीनं आपल्याला गुन्हेगार ठरवलं तीच पुढं कब्जाचा पुरावा झाली. ३ मे २००२ ला दिल्लीहून सगळी अतिक्रमणं काढण्याचा हुकूम आला, तेव्हा आपण टिकलो ते या उघडपणामुळं आणि एकीमुळं.

लपवलेल्या ट्रान्समीटरमध्ये हा उघडपणा नाही. तो एका पेटीत मावतो आणि एका पोराच्या घरात सापडतो. तीन वर्षांची कैद एकट्यानं भोगायची. आणि आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. आदिवासी पोरगा, जंगल आणि वायरलेसचं यंत्र, ही तीन नावं एका पंचनाम्यात आली की चौथं कुठलं नाव चिकटवलं जाईल ते सांगायला ज्योतिषी नको. राघवची बातमी ‘हुशार खेडूत’ म्हणून छापून आली. आपल्या पोराची तशी येणार नाही. त्याला एकदा नक्षलवादी म्हटलं की तीस वर्षांची जमिनीची चळवळही त्याच शिक्क्याखाली दाबायला सोपं जातं. म्हणून गुपचूप ट्रान्समीटर नको, असं आमचं मत आहे. भीती वाटते म्हणून हे सांगत नाही. लढाई कुठं आणि कशी द्यायची हे आपण ठरवायचं, पोलिसांनी नाही, म्हणून सांगतो.

पण विनापरवाना बोलणं हे पापच आहे, असा धडा कुणी आपल्याला शिकवू नये. १९४२ च्या चले जावमध्ये मुंबईत तरुणांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. जागा बदलत बदलत तो सुमारे तीन महिने चालला, नोव्हेंबरमध्ये पकडला गेला. त्यातल्या उषा मेहतांना चार वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्याच उषाबेनना १९९८ मध्ये भारत सरकारनं पद्मविभूषण दिलं. त्यांच्याजवळही लायसन नव्हतं. कायदा मोडण्याची वेळ आपल्यावर आलीच, तर ती १९३० च्या जंगल सत्याग्रहासारखी येऊ दे, चिरनेरच्या लोकांनी केला तसा. तारीख सांगून, ग्रामसभेचा ठराव करून, सगळ्यांनी मिळून. बोलायला म्हाताऱ्या आयांनी बसायचं, आणि अटक करायची तर अख्ख्या पाड्याला करा म्हणायचं.

तोपर्यंत हात बांधून बसायचं नाही. आम्ही चार कामं सुचवतो.

पहिलं काम, टेप. मेडकच्या बायांनी केलं ते आपण उद्यापासून करू शकतो. दोन टेपरेकॉर्डर संघटनेजवळ आहेत. दर पंधरवड्याला एक कॅसेट भरायची, वारली, कोकणा, कातकरी अशा आपापल्या बोलीत. वनहक्क कायद्याची माहिती, पडताळणीच्या तारखा, रोजगार हमीच्या मजुरीचं काय झालं, कुठल्या पाड्यानं काय केलं. तिच्या प्रती काढून आठवडे बाजारात आणि पाड्यावर संध्याकाळी लावायच्या. कॅसेटवर बातमी द्यायला बंदी नाही. वीटभट्टीवर गेलेल्या माणसांबरोबरही एकेक कॅसेट द्यायची, म्हणजे गावाची खबर त्यांच्याबरोबर राहील.

दुसरं काम, माणसं. रेकॉर्डिंग करणाऱ्या गटात निम्म्या बाया हव्यात. यंत्र पोरांच्या हातात आणि स्वयंपाक पोरींच्या हातात, असं झालं तर तो आपला रेडिओ होणार नाही. आयटीआयच्या मित्राचं कसब इथं लागेल. त्यानं प्रत्येक पाड्यातल्या दोघांना शिकवावं. लायसन मिळेल त्या दिवशी आपल्याजवळ बोलणारी, ऐकून घेणारी आणि यंत्र दुरुस्त करणारी माणसं तयार हवीत.

तिसरं काम, ठराव. येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं ठराव करावा. आमच्या खोऱ्यातल्या हवेवर आमच्या ग्रामसभेचा हक्क आहे. आम्हाला लहर नेमून द्या. ग्रामसभेला अर्ज करता यावा, आणि बातम्यांवरची बंदी उठवा. ठरावाची एक प्रत माहिती खात्याला, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक आपल्या पेटीत. पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही. आज तो ठराव कुणी केराच्या टोपलीत टाकेल. प्लॉटांचे आपले पहिले अर्जही टोपलीतच गेले होते.

चौथं काम सावधपणाचं. धोरण आलं आहे म्हटल्यावर संस्था येतील. ‘तुमच्या भागात रेडिओ काढून देतो, नोंदणी आमच्याकडं आहे’ असं म्हणतील. काही चांगल्याही असतील, त्यांची मदत घ्यायला हरकत नाही. पण संस्था आणि संघटना यांतला फरक विसरू नका. लायसन ज्याच्या नावावर, चावी त्याच्या हातात. फंड संपला की ते कुलूप लावून जातील, आणि फंड देणाऱ्याला आवडणार नाही ते बोलायची वेळ आली की माइक बंद करतील. कुठल्याही संस्थेबरोबर जायचं तर आधी ग्रामसभेत बसून लिहून घ्यायचं, की कार्यक्रम ठरवणार कोण, यंत्र कुणाचं, हिशोब कुणापुढं. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून कसणाऱ्या कुळाचे काय हाल होतात ते आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको.

पोरांना शेवटी एवढंच सांगायचं आहे. तुम्ही हा विषय काढलात, चांगलं केलंत. जुन्या कार्यकर्त्यांनी जमीन मागितली तेव्हा त्यांनाही लोक वेडे म्हणायचे. जमीन आपली आहे, जंगल आपलं आहे, हे म्हणायला आपण शिकलो. त्याच्यावरची हवाही आपली आहे, हे तुम्ही आम्हाला आठवून दिलंत. ते आता उघड म्हणू या.

पहिल्या कॅसेटसाठी प्रत्येक पाड्यानं एक बातमी, एक तक्रार आणि एक जुनं गाणं घेऊन बैठकीला यावं. कोऱ्या कॅसेटींसाठी घरटी एक रुपया वर्गणी जमा करावी. पावती मिळेल. ती जपून ठेवा.